पूर्वचाचणी माझी, नाव दुसरीचं

हॉलच्या फरशीवर मी उताणी पडले होते. युनिफॉर्मची साडी वर सरकू नये म्हणून दोन्ही मुठींत धरून. भोवती सगळे उभे. नर्सा, ब्रदर, रिसेप्शनच्या पोरी. मधे पुण्याहून आलेले ट्रेनर सर.

"ही आपली बेशुद्ध पेशंट," सर म्हणाले.

बेशुद्ध माणसाला कुशीवर कसं वळवायचं हे दाखवायला त्यांना कोणाचं तरी अंग पाहिजे होतं. शोभाताईंनी माझ्याकडं बोट केलं. "मावशीला झोपवा की. तिला काय काम आहे?"

मला कुशीवर वळवलं. परत उताणं केलं. मग सरांनी सवाल टाकला. "माणूस पडलाय. हाक मारली, उठत नाही. मधूनच तोंड वासून घरघर श्वास ओढतोय. काय कराल?"

रिसेप्शनची पल्लवी म्हणाली, "कुशीवर वळवून ठेवू सर. श्वास चालू आहे ना."

माझ्या तोंडातनं निघूनच गेलं. "तो श्वास नाय सर. मदतीला हाक मारायची आन् लगेच छाती दाबायला घ्यायची."

सरांनी खाली बघितलं. हसले. "बेशुद्ध माणूस बोलत नसतो, मावशी."

सगळा हॉल हसला. शोभाताई सगळ्यात मोठ्यानं.

उत्तर बरोबर होतं. बरोबर आहे असं कोणी म्हणालं नाही. सरांनी तेच उत्तर नर्सांकडं तोंड करून परत सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

शोभाताई आमच्या इमर्जन्सीच्या इन्चार्ज सिस्टर. माझ्याच गावच्या, शेंद्र्याकडच्या. त्यांची बागायत, आमची मेंढरं. आम्ही धनगर. खतासाठी आमची मेंढरं त्यांच्या रानात बसायची. बारावी झाल्यावर त्यांनीच मला ह्या दवाखान्यात आया म्हणून लावलं. लादी पुसायची, पेशंटचं भांडं द्यायचं, स्ट्रेचर ढकलायचं. सहा वर्षं झाली. ताई म्हणतील ती पूर्व दिशा. मी त्यांच्या पाया पडायची दिवाळीला.

कोर्सचं त्यांनीच सांगितलं होतं. "तातडीचे उपचार शिकवणार आहेत. तू हुशार आहेस. तुझं नाव घालते. पण आधी तयारी पाहिजे. पूर्वचाचणी पास झाल्याबिगर बसू देत नाय."

त्या दिवशी मी घरी उडत गेले.

त्याला कारण होतं. माझा बाप जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं, मेंढरामागं चालता चालता पडला. मी तिथंच होते. तो तोंड वासून श्वास ओढत होता. लोक म्हणाले, चक्कर आली. कोणी कांदा हुंगवला. मी पाणी पाजलं. पाणी गालावरनं खाली गेलं. आम्ही सगळे म्हणत होतो, श्वास चालू आहे, श्वास चालू आहे.

कोर्सचं पुस्तक इंग्रजीत. एका एका शब्दाला मोबाइलवर अर्थ बघायचा, वहीत लिहायचा. बाराव्या पानावर त्या श्वासाचं सगळं लिहिलेलं होतं. तो श्वास नसतो. मी पुस्तक मिटलं आन् भिंतीला टेकून बसले. त्या दिवशी पुढं वाचलं नाय.

दुसऱ्या दिवसापासून रोज वाचलं. गोधडीची वळकटी करून तिच्यावर दोन्ही तळवे ठेवून दाबायची. नवरा घड्याळ धरायचा. मिनिटाला शंभरच्या वर, एकशेवीसच्या आत. "दम धर जरा," तो म्हणायचा, "गोधडी उठून बसंल आता."

पूर्वचाचणी ताईंच्या मोबाइलवर सोडवली. जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्याच टेबलाला बसून. "वरचं नाव-बिव बघू नको," त्या म्हणाल्या, "तू खाली सोडव." मी सोडवली. दोनच सवाल चुकले. दोन्ही तान्ह्या बाळाचे. ताईंनी पाठीवर हात ठेवला. "वा गं पोरी."

कोर्सच्या सकाळी हॉलच्या दाराला यादी लावलेली. माझं नाव नव्हतं. पल्लवीचं होतं. पल्लवी ताईंची भावजय, तीन महिन्यांमागं रिसेप्शनला लागलेली. तिच्या हातात पूर्वचाचणीचा कागद होता. मी डोकावले. दोन चुका. दोन्ही तान्ह्या बाळाच्या. तेच सवाल, तीच चुकीची उत्तरं.

"ताई, माझं नाव?"

"अगं, आयांना नसतंय ते. तू चहाचं बघ."

मी चहाचं बघितलं. खरं सांगते, बघितलं. कप मांडले. मग झोप म्हणाल्या, झोपले.

पण तो हॉल हसला तेव्हा मी उठून बसले. मग उभी राहिले.

"सर, पूर्वचाचणी मी दिलीय. पल्लवीच्या नावावर आहे ती माझी आहे. आत्ताचा सवाल तिला आला नाय, मला आला. बघा काय ते."

पल्लवीनं मान खाली घातली. शोभाताई माझ्याजवळ आल्या, दात आवळून म्हणाल्या, "मेंढरामागची पोर तू. तुला इथवर आणलं कोणी?"

"तुम्हीच आणलं ताई. म्हणून तर लई लागलं."

सर घड्याळ बघत म्हणाले, "हा तुमचा आपसातला मामला आहे. आपण पुढं जाऊ."

ते पुढं गेले. मी बाहेर गेले.

तिसऱ्या दिवशी माझी बदली तळघरात, कपडे धुवायला. पल्लवीला सर्टिफिकेट मिळालं. आता ती इमर्जन्सीला बसती, कोटावर बिल्ला लावून. तिचा मला राग नाय येत तेवढा. तिला काही येत नाय, आन् तिच्यापुढं माणसं येऊन पडणार, ह्याची मला धास्ती वाटती.

ताईंनी रुखसानाबीकरवी निरोप धाडला. रुखसानाबी माझ्यासंगं चादरी धुती. म्हणाली, "माफी माँग ले, वापस ऊपर ले लेते बोले. काहेकू बिगाड़ रई?"

मी म्हणाले, "माफी कशाची? चोरी माझी झालीय."

मारलं असतं तर विसरले असते. शिव्या तर लहानपणापासनं खाल्ल्यात. पण ताईनं मला हुशार म्हणून वापरलं. पाठीवर हात ठेवला तेव्हाच तिला ठाऊक होतं.

काल मॅनेजमेंटला अर्ज दिला. हातानं लिहून. पूर्वचाचणी कोणी दिली, कोणाच्या मोबाइलवर, कोणाच्या टेबलावर, सगळं लिहिलंय. आमची दोघींची परीक्षा समोरासमोर घ्या, असं लिहिलंय. क्लार्क अर्ज घेईना. पोच मिळाल्याबिगर मी खिडकी सोडली नाय. आठ दिवसांत उत्तर आलं नाय तर हाच अर्ज कोर्स घेणाऱ्या संस्थेकडं जाईल. तिथं दाबला तर त्यांच्या वरती जाईल.

नोकरी जाईल. नवऱ्याला सांगून ठेवलंय. अर्ज मागं घेणार नाय.