नाडीच्या पँटला पिस्तूल

ट्वायला हार्गिसच्या गणवेशाला पट्टा नव्हता आणि सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

ती घरोघरी जाऊन आजाऱ्यांचं बघणारी नर्स. अमेरिकेत, आर्कान्सा राज्यातल्या डोंगरांत, एकेका घळीत एकेक घर, आणि प्रत्येक घरापर्यंत गाडीचे कणे मोडणारा कच्चा रस्ता. एवढ्या वर्षांत तिला कुत्र्यांखेरीज कशाचं भय वाटलं नव्हतं. पण मार्चमध्ये, एका घराच्या अंगणात ती गाडीतून उतरली आणि झाडीतून एक हडकुळा माणूस चाकू घेऊन पुढे आला. त्याला मॉर्फिन हवं होतं. पिशवी हिसकावून तो पळाला. पिशवीत होतं काय, तर बँडेजं आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. तो काही सापडला नाही.

ट्वायलाला साधं खरचटलंही नव्हतं. ऑफिसात विचारलं तेव्हा "बरी आहे मी" म्हणून तिने विषय संपवला. पण त्यानंतर तिचा जीव कुठे थाऱ्यावर राहीना. जेवता जेवता उठून दार बघायची. दुकानात रांगेत उभी राहिली की मागच्याला पुढे जाऊ द्यायची, पाठीशी कोणी नको म्हणून.

तिचा नवरा रॉयस लाकडाच्या गिरणीत होता आणि तारुण्यापासून कमरेला पिस्तूल बाळगत होता. त्याने तिला एक छोटं पिस्तूल आणून दिलं, सराव करून घेतला. नेम बरा निघाला. प्रश्न होता, ते ठेवायचं कुठे? रॉयसकडे होल्स्टरांनी, म्हणजे पिस्तूल ठेवायच्या म्यानांनी, भरलेला अख्खा खण होता. एकेक हौसेने आणलेलं आणि महिन्याभरात नावडतं झालेलं. पण सगळी जाड पट्ट्यावर बसणारी. नर्सच्या नाडीच्या पँटला त्यांचा काय उपयोग?

आधी त्याने पोटावर बांधायचा रुंद इलॅस्टिकचा पट्टा आणला आणि त्यात चामड्याचं जाडजूड होल्स्टर बसवलं. आरशात बघून ट्वायला म्हणाली, "माझ्या पोटात वीट गेलीय की काय असं विचारतील लोक."

"सैल सदरा घाल."

"सैलच आहे रे हा!"

आणि दिसून चालणारच नव्हतं. आजाऱ्याच्या घरात हत्यार न्यायचं नाही, असा कंपनीचा नियम होता, आणि त्यावर तिची सही होती. चोरापासून लपवायचं आणि ऑफिसापासूनही.

मग रॉयसने नवीन वस्तू आणली. दोन बोटांएवढं कडक प्लास्टिकचं कवच. त्यात फक्त चाप झाकला जायचा, बाकी पिस्तूल उघडंच. कवचाला एक बारीक दोरी. ती कमरेला बांधायची; पिस्तूल उपसलं की दोरीच्या हिसक्याने कवच आपोआप निघतं.

"हे होल्स्टर?" ट्वायला हसत सुटली. "लंगोटी आहे ही!"

"लंगोटीनं अब्रू झाकते ना? मग झालं तर."

"आणि परत घालायचं कसं?"

"बाहेर काढायचं, दोन्ही हातांनी कवच चढवायचं, मग खोचायचं. एकदा उपसलं की परत घालायची घाई कोणाला असते?"

"मी दिवसभर माणसं उचलते, रॉयस. तुझ्यासारखी यंत्रापाशी उभी नसते."

तरी तिने ते घेतलं. जड होल्स्टर काढून पिस्तूल नुसतंच इलॅस्टिकच्या पट्ट्यात खोचलं आणि कवचाची दोरी नाडीला बांधली. आरशात काहीच दिसेना. हलकं इतकं, की विसरायला होईल. पण विसरता कुठे येत होतं? उघड्या धातूला घाम लागायचा, मूठ बरगडीला टोचायची, आणि हात दर थोड्या वेळाने आपसूक कमरेकडे जायचा. आहे ना? आहे.

जूनमध्ये ती क्लेमंट ओडमकडे गेली. धिप्पाड म्हातारा, एकेकाळचा हरणांचा शिकारी; आता फुफ्फुसं गेलेली. त्याला पलंगावरून खुर्चीत बसवायचं होतं. त्याने तिच्या कमरेला घट्ट मिठी घातली, तिने त्याला उचललं, आणि मध्येच कुठेतरी 'टक्' असं वाजलं.

म्हातारा खुर्चीत टेकला, धापा टाकत तिच्याकडे बघत राहिला. मग बायकोला म्हणाला, "आयना, हिला जरा गार चहा आण गं."

आयना आत गेल्यावर तो हळूच म्हणाला, "पोरी, मला घाबरतेस होय?"

ट्वायलाचा चेहरा तापला. "नाही हो, मिस्टर ओडम. वाटेला घाबरते."

"मग वाटेवर ठेव की. माझ्या पलंगापाशी कशाला आणलंस?" त्याने हनुवटीने आतलं दार दाखवलं. "जा, न्हाणीघरात जाऊन बघ. काहीतरी सुटलंय."

तिने दार लावून सदरा वर केला. मिठीत पिस्तूल वर सरकलं होतं, आखूड दोरी ताणून कवच निघालं होतं आणि नाडीला लोंबत होतं. आणि नाडीचं दुसरं टोक, गाठीसकट, चापाभोवतीच्या कडीत शिरलं होतं. ती अजून एकदा वाकली असती तर? तिने श्वास धरून गाठ बाहेर काढली, पिस्तूल रिकामं केलं. गोळी वॉशबेसिनमध्ये पडून वाजली तशी ती टबाच्या काठावर मटकन बसली.

बाहेर आयना चहा घेऊन उभी. "अगं, पांढरी फटक पडलीस! काय झालं?"

"ऊन लागलं, मिसेस ओडम."

म्हाताऱ्याने खुर्चीतूनच तिला चहा घ्यायची खूण केली.

घरी रॉयस म्हणाला, "दोरी आखूड बांधलीस तू. आणि नाडीला बांधायला कोणी सांगितलं?"

"तूच. कमरेला बांध म्हणालास; पट्टा कुठे आहे मला?"

त्याने होल्स्टरांचा खण ओढून आत चाचपलं. मग म्हणाला, "पूर्ण कवचाचं घेऊ. पक्कं बसतं."

"म्हणजे परत वीट. आणि तरी तो म्हातारा मला मिठी मारणारच, रॉयस. त्याला धरायला दुसरं काय आहे?"

रात्रभर कुशी बदलून सकाळी ती ऑफिसात गेली आणि सुपरवायझर लोरेटाला सगळं सांगून टाकलं. लोरेटाने नियमाप्रमाणे लेखी ताकीद दिली, काही आठवडे घरी बसवलं. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "मार्चमध्ये 'बरी आहे' म्हणालीस. का गं?" तेव्हा कुठे ट्वायला रडली.

परत कामावर आली तेव्हा लांबच्या घळींसाठी तिच्याबरोबर बर्निस नावाची मदतनीस होती. बडबड अखंड. ओडमने ट्वायलाच हवी असा हट्ट धरला होता. पहिल्याच दिवशी उठताना कमरेला हात घालून म्हणाला, "हां, आता बाईमाणूस लागतंय हाताला!" आयनाने त्याला चापट मारली. पानं गळायच्या दिवसांत तो गेला, तेव्हा हात ट्वायलाच्याच हातात होता.

पिस्तूल तिने टाकलं नाही. सुट्टीच्या दिवशी जीन्सवर जाड पट्टा लावून, पूर्ण कवचाच्या होल्स्टरात घालून ती बाजारात जाते. ते टोचतं, जड लागतं. काढून ठेवलं तर चैन पडत नाही, लावलं तरी पडत नाही.

कामाच्या दिवशी मात्र ते घरीच असतं. कोणाच्याही अंगणात गाडी थांबली की ती इंजिन चालू ठेवून आधी डावा आरसा बघते, मग उजवा, मग झाडी.

"उतर की बाई," बर्निस दार उघडत म्हणते. "आजारी माणूस वाट बघतंय."

"एक मिनिट गं," ट्वायला म्हणते, आणि पुन्हा डावा आरसा बघते.