उजेड वरून येतो

तिचं शिवणयंत्र खिडकीला लागून आहे आणि खिडकी डाव्या हाताला. गल्लीतल्या लोकांचे कोट सैल-घट्ट करून देण्यात हयात गेली, ती याच उजेडात. थोरल्या भावाने, म्हणजे आगारातल्या निवृत्त मेकॅनिकने, वाचनालयात मांडण्यासाठी जुन्या बस आगाराची प्रतिकृती करायला घेतली, तेव्हा बोटाच्या पेराएवढी माणसं रंगवायचं काम तिने मागून घेतलं. तीही तिने इथेच बसून रंगवली.

वाचनालयात काचेच्या पेटीत माणसं मांडून वरचा दिवा लावला, तर सगळ्यांच्या एका गालावर काळंनिळं दिसायला लागलं.

"हे प्रवासी आहेत की हाणामारीतून सुटलेले?" भाऊ म्हणाला. उद्घाटन तोंडावर आलंय, तुझी माणसं मागे छपराखाली उभी करू, पुढे बाजारातली तयार आणू, असंही त्याने सुचवलं.

चूक तिला उभ्या उभ्या कळली. सवयीने तिने प्रत्येकाची खिडकीकडची बाजू उजळली होती आणि दुसरीकडे सावली दिली होती. पेटीतला उजेड डोक्यावरून येत होता.

"माझीच पुढे राहतील," ती म्हणाली आणि सगळी अंड्यांच्या ट्रेमध्ये भरून घरी घेऊन आली.

तिने पडदा ओढला, टेबलावरचा दिवा कपाटावर चढवला. आता कपाटाला शिवण शिकवणार का, असं नवऱ्याने विचारलं. एकेक माणूस दिव्याखाली धरून ती आधी नुसती बघत राहिली. उजेड टोपीवर, नाकाच्या शेंड्यावर, खांद्यांवर पडत होता. हनुवटीखाली, काखेत अंधार. कोटाच्या चुण्या तर तिच्या ओळखीच्याच. दुधात पाणी घालावं तसा तिने रंग पातळ केला आणि एक हात वाळल्याशिवाय दुसरा दिला नाही. लाल कोट उजळायला पांढरा मिसळला, तर कोट गुलाबी पडला. तो पुसून तिने नारिंगी घातला. जमलं.

माणसं पेटीत परत गेली ती भावाला न विचारता, अगदी पुढे. कंडक्टरचे डोळे टोपीच्या सावलीत होते; तो भर उन्हात उभा आहे, हे काचेबाहेरूनही कळत होतं. भाऊ वाकून बराच वेळ बघत राहिला. मग त्याने हात घालून मागची बस बाहेर काढली.

"आता माझीच बस खोक्यासारखी दिसतेय."

"घरी घेऊन ये. दिवा अजून कपाटावरच आहे," ती म्हणाली. "आणि दादा, लालात पांढरा घालू नकोस."