पेट्रोलच्या झाकणाला कुलूप

आमच्या गल्लीतले कुलूपवाले दाजी बायकोने दिलेल्या चहातही आधी डोकावून बघत. कुणी हसलं तर म्हणत, "विश्वास आहे हो. पण बघितलेलं बरं."

त्यांनी जुनी गाडी घेतली आणि भाड्याने चालवायला मेव्हण्याला दिली. कारखाना बंद पडल्यापासून तो बहिणीच्या घरी मान खाली घालून जेवत होता. गाडी मिळाली तशी मान जरा वर आली. तेवढ्यात गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं.

दाजींना कळायला वेळ लागला नाही: मेव्हणा पेट्रोल काढून विकतो! त्यांनी टाकीच्या झाकणाला स्वतः घडवलेलं कुलूप बसवलं. अ‍ॅव्हरेज आणखी पडलं. म्हणजे किल्लीही बनवली गड्याने! तो जेवायला बसला की दाजी भाजी वाढायच्या निमित्ताने त्याच्या हातांचा वास घेऊ लागले.

शेवटी म्हणाले, "उद्यापासून गाडीची किल्ली माझ्याकडे."

बायको ताडकन उठली. "अहो, माझ्या भावाला चोर ठरवताय, तर एक दिवस त्याच्या शेजारी बसा तरी!"

बसले. मेव्हणा गाडी अशी चालवत होता, जणू मागे झोपलेलं मूल आहे. सिग्नल लांब दिसला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढी, फाटक लागलं की इंजिन बंद. दाजींचा संशय उलट बळावला. 'माझ्यासमोर नाटक करतोय लेकाचा!'

"उतार आहे," ते गुरकावले. "गिअर काढ. गाडी आपसूक जाते का बघू."

गाडी चार पावलं गेली आणि भर उतारावर उभी राहिली.

मेव्हणा खाली उतरला. मागच्या चाकाजवळ हात नेला आणि झटक्यात मागे घेतला. "दाजी, तापलंय बघा. जळका वास येतोय. ब्रेक चिकटलाय. कधीपासून जड वाटतेय म्हणून सांगत होतो, तर तुम्ही म्हणालात, बहाणे सांगू नकोस." मग थांबून म्हणाला, "मी गाडी लावतो तेव्हा हँडब्रेक साधाच ओढलेला असतो. सकाळी सोडताना मात्र दोन्ही हात लागतात. रात्रीतून कोण ओढतं?"

दाजी समोरच्या काचेवरची धूळ बघू लागले. चोराने गाडी ढकलून नेऊ नये म्हणून रोज झोपण्याआधी तेच जाऊन, सीटला पाय लावून तो ओढत होते. त्या ओढण्याने ब्रेकची गंजलेली केबल अडकून बसली होती. दांडा खाली गेला, तरी ब्रेक काही सुटत नव्हता.

"केबल बदलून घे," ते पुटपुटले. घरी आल्यावर झाकणाच्या कुलपाची किल्ली त्यांनी मेव्हण्यापुढे ठेवली.

"दुसरी?" बायकोने विचारलं.

आतल्या खिशातून दुसरीही निघाली.

आता अ‍ॅव्हरेज ठीक आहे. मेव्हणा मात्र रोज सकाळी निघण्याआधी गाडी गिअरमधून काढून थोडी ढकलून बघतो. दाजींना ते झोंबतं.

"माझ्यावर विश्वास नाही का रे?"

"आहे की दाजी," तो गाडीला खांदा लावत म्हणतो. "पण बघितलेलं बरं."