गाडीकडे कोणीतरी हवं

नवऱ्याला कॅराव्हॅनचं वेड लागलं ते मोबाइलवरचे व्हिडिओ बघून. डिसेंबरच्या सुट्टीत त्याने पुण्याहून एक भाड्याने आणली. देवगडला माझ्या आईबाबांना घ्यायला गेलो आणि कुठे जायचं ते आईलाच विचारलं. ती पटकन म्हणाली, सावंतवाडी. दोन-अडीच तासांवरच्या शहरात बिछाने, शेगडी, पाण्याची टाकी घेऊन राहायला जायचं! चांगलं घर सोडून गाडीत निजायला कशाला चाललात, असं शेजारणीने तोंडावरच विचारलं. पण आई ठाम होती. आठवी ते दहावी ती तिथे मावशीकडे राहून शिकली होती. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी ती शाळा, ते तळं बाबांना दाखवायचं राहून गेलं होतं. बाबा आधी जहाजावर, मग कलमांच्या बागेत.

मालवाहू जहाजावर बाबा स्वयंपाकी होते. थंडीतल्या शहरांवर आमच्या घरात त्यांचाच हक्क. बर्फातल्या ट्राम, गोठलेल्या नदीवरचे पूल, लोकरी हातमोजे विकणाऱ्या बायका, हे सगळं ऐकतच मी मोठी झाले. तळ्याजवळ ओळखीच्यांच्या आवारात आम्ही गाडी लावली. सकाळी पाण्यावर धुकं होतं आणि आम्ही दात वाजवत चहा पीत होतो. तेव्हा बाबांनी जाहीर केलं की ही थंडी नव्हे, थंडीची नात. म्हणताना स्वतःची कानटोपी मात्र त्यांनी काढली नाही.

ताकाला जाऊन भांडं लपवणं आईला जमत नाही. तळ्याला एक फेरी मारूया, मग शाळा बघूया, असं तिने सरळ सांगितलं. बाबा म्हणाले, तुम्ही जा, गाडीकडे कोणीतरी हवं. गाडीला चांगलं कुलूप आहे, हे नवऱ्याने दोनदा समजावलं. बाबा कांदा चिरत बसले.

मग आम्ही तिघंच फिरलो. राजवाडा बघितला. लाकडी खेळण्यांच्या चितारआळीत आईने एक लाकडी आंबा घेतला. देवगडच्या बाईने सावंतवाडीत आंबा विकत घ्यावा, यावर नवरा दिवसभर हसत होता. शाळेच्या फाटकाशी आईने मला तिच्या वर्गाची खिडकी दाखवली आणि बोलता बोलता ती मध्येच गाडीच्या दिशेने बघू लागली. तिला हे मला सांगायचं नव्हतंच. दुसऱ्या दिवशीही बाबा गाडीतच. मला त्यांचा राग आला, खरंच आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता परतायचं होतं. सकाळी आई शेगडीपाशी घावणे काढत होती. नवरा बाहेर टाकी भरत होता. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुमी सगळा जग फिरलास. आईची सावंतवाडी तुमका ल्हान वाटता?"

बाबांनी कानटोपी काढली आणि हातात धरून बसले.

"मी खंय फिरलंय गो," ते म्हणाले. "एकदाच उतरलंय. बर्फ पडललो, सगळी घरां एकसारखी. वाट चुकलंय. भाषा येय नाय. जहाज सुटाक आयला, तेव्हा एका पोलिसान आणून सोडल्यान. तेच्यानंतर कधी उतरूक नाय. सगळ्यांका सांगी, तुमी जावा, मी आसंय हंय."

मग त्या ट्राम, ते पूल? उतरून गेलेले खलाशी परत येऊन सांगायचे, ते बाबांनी ऐकलेलं. सगळी शहरं त्यांनी डेकवरून बघितली होती. इतकी वर्षं ही भीती त्यांनी कुणाला कळू दिली नव्हती. माझा राग कुठल्या कुठे गेला, उलट मलाच लाज वाटली.

आईने गॅस बंद केला. तव्यावरचं घावण तसंच ठेवलं. शाल घेतली आणि बाबांच्या हातातली टोपी परत त्यांच्या डोक्यावर बसवली.

"चला," ती म्हणाली. "माका वाट ठावक आसा. चुकलव तर दोघांय चुकतलव."

बाबा उतरले. मी खिडकीतून बघत होते. तळ्याच्या कडेने चालताना त्यांनी तीनदा मागे वळून गाडी आहे ना ते बघितलं. तिसऱ्या वेळी आईने त्यांचं कोपर धरलं आणि ती दोघं वळणाआड गेली.

बारा वाजले. मग एक वाजला. नवरा घड्याळ बघत फोन करू का म्हणाला. मी म्हटलं, नको करू. गाडीकडे मी आहे.