दोन पांढऱ्या टोप्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तो आता राहिला नाही. माझा धाकटा भाऊ दिनेश पावसाळा संपता संपता गेला. मेंदूत रक्तस्राव झाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. लोक भेटायला येतात, माझा हात हातात घेतात, म्हणतात, दोघा भावांचं फार प्रेम हो. मी मान हलवतो. आणि मला भीती वाटते.

दुःखापेक्षा भीतीच जास्त. भाऊ गेल्यावर माणसाला भीती का वाटावी? तेच सांगायला बसलो आहे.

मी सावकाश लिहिणारा माणूस आहे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करतो, दिवसभर हळू बोलतो, इतरांनी लिहिलेलं जागच्या जागी ठेवतो. स्वतःचं काही लिहायची ही पहिलीच वेळ. म्हणून जरा मागून सुरुवात करतो — की हीसुद्धा टाळाटाळच?

आम्ही पनवेलजवळच्या गावातले. शेत वसाहतीसाठी गेलं. आमची भातखाचरं होती तिथे आता करंजाड्याच्या इमारती आहेत, त्यातल्याच एकीत आम्ही राहतो. मी शाळेपासून फुटबॉल खेळायचो. दिनेश शाळा सुटली की डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या गोल्फच्या मैदानावर जायचा, साहेब लोकांच्या बॅगा उचलायला. कॅडी म्हणून. बॅगा उचलता उचलता तो खेळ शिकला. कुणीतरी टाकून दिलेल्या काठ्या, कुणीतरी हरवलेले चेंडू. आई अंगणात उभी राहून म्हणायची, "एक पोरगा चेंडवाला लाथा मारतंय, दुसरा काठीनं बडवतंय. त्या चेंडवानं तुमचा काय वाईट केलाय रं?"

तेव्हा आम्ही हसायचो.

दोन्ही खेळांत पोटापाण्याचा रस्ता वेगळा असतो, हे मला फार उशिरा कळलं. फुटबॉलवाल्याला वय पुरत नाही. मी मुंबईच्या एका खालच्या गटातल्या संघात होतो, करार एका हंगामाचा, बहुतेक वेळ बाकावर. मी बाकावर पुस्तक वाचतो म्हणून प्रशिक्षक चिडायचा. पंचविशी ओलांडली आणि गुडघा गेला. संपलं. ज्या वयात इतर मुलं नोकरीत कायम होतात, त्या वयात मी माजी खेळाडू झालो होतो. गोल्फचं उलटं. तिथे तिशीत माणूस कुठे पिकायला लागतो, आणि शरीर सांभाळलं तर पन्नाशीपर्यंत खेळतो. पण त्या रस्त्याला एक अरुंद दार आहे. व्यावसायिक स्पर्धांत उतरायचं तर आधी पात्रता फेरी पार करायची, म्हणजे कार्ड मिळतं. ते नसेल तर कितीही चांगला खेळा, तुम्ही दुसऱ्याच्या बॅगाच उचलणार.

दिनेश त्या दारापाशी पोचला तेव्हा सायली, त्याची मुलगी, अंगावर पीत होती. मी घरी बसलो होतो. तो म्हणाला, "दादा, माझी बॅग तू उचल."

म्हटलं, मला त्यातलं काय कळतं?

"कळायचं काय त्यात? पैसे देऊन आणलेला कॅडी घाबरत नाय. तू माझ्याहून जास्त घाबरतोस. तू सोबत असलास की माझ्या वाटणीची भीती संपते."

असा बोलायचा तो.

मी गेलो. दोघांनी स्टेशनबाहेरच्या दुकानातून एकसारख्या पांढऱ्या टोप्या घेतल्या. शर्टही निळेच. आम्ही दोघं अंगानेही सारखेच, लांबून आईसुद्धा फसायची. त्या टोप्या लक्षात ठेवा.

आता फुटबॉलच्या मैदानावरची एक गोष्ट सांगायला हवी. ती बचाव म्हणून सांगत नाही. फ्री किक मिळाली की पंचाची पाठ वळताच पायाच्या आतल्या बाजूने चेंडू हातभर पुढे सरकवायचा, हे आम्हाला लहानपणीच शिकवलेलं. थ्रो-इन घेताना चार पावलं पुढे चोरायची. याला आमच्याकडे लबाडी म्हणत नाहीत, हुशारी म्हणतात. पकडलं तर पंच मागे जायला सांगतो, आपण हसत मागे जातो. पायाला ती सवयच लागते. गोल्फमध्ये पंच पाठीशी उभा नसतो. खेळाडूच स्वतःचा पंच. चेंडू चुकून हलला आणि कुणीच पाहिलं नाही, तरी खेळाडू हात वर करतो आणि स्वतःला दंड लावून घेतो. दिनेशने हे मला आगगाडीत दोनदा समजावलं होतं. मी हो हो म्हणालो होतो.

शेवटच्या दिवशी तो उत्तम खेळत होता. कार्ड जवळजवळ हातात होतं. मग एक फटका उजवीकडे झाडीत गेला. आम्ही शोधायला शिरलो, तो एका बाजूने, मी दुसऱ्या. मला चेंडू दिसला. एका झाडाच्या मुळाला चिकटून पडला होता. तिथून काठी फिरवणं शक्यच नव्हतं.

मी घाबरलो. दिनेशसाठी घाबरलो, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो. मी वाकलोसुद्धा नाही. उभ्या उभ्या, दुसरीकडे बघत, पायाच्या आतल्या बाजूने — हातभर. पाचोळा जरासा वाजला. मग ओरडलो, "दिन्या, इकडे आहे."

तो आला. चेंडू पाहून त्याचा चेहरा उजळला. "बचावलो," म्हणाला. आणि अप्रतिम फटका मारला.

एवढंच असतं तर? तर कदाचित मी हे लिहिलंच नसतं. तो पाय सवयीचा होता. जे पुढे झालं ते सवयीने झालं नाही.

खेळ संपल्यावर पंचांनी आम्हाला तंबूत बोलावलं. दुसऱ्या एका खेळाडूचे वडील पायवाटेवरून पाहत होते. भला माणूस, त्यालाही बोलताना अवघड होत होतं. तो म्हणाला, झाडीत पांढऱ्या टोपीच्या माणसाने पायाने चेंडू सरकवला. चेहरा दिसला नाही. निळा शर्ट, पांढरी टोपी.

पंचांनी दिनेशला विचारलं. दिनेश म्हणाला, "मी नाही." आवाज शांत होता. मग त्याने माझ्याकडे वळून म्हटलं, "दादा, तू होतास ना तिथे. सांग यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. तंबूत फार उकडत होतं. माझी टोपी माझ्या हातात होती — आत शिरताना काढून घेतली होती, चुरगाळून मुठीत धरली होती. दिनेशची त्याच्या डोक्यावर होती.

मी म्हणालो, "मी दुसऱ्या बाजूला शोधत होतो. मी काही पाहिलं नाही."

हे. हेच ते वाक्य.

मी खरं बोललो असतो तर काय झालं असतं? कॅडीच्या चुकीचा दंड खेळाडू भरतो, ते वर्ष गेलं असतं. पण वर्षच गेलं असतं, नाव गेलं नसतं. लोक म्हणाले असते, बिचारा, भाऊ अडाणी निघाला. पुढच्या वर्षी तो दुसरा कॅडी घेऊन परत आला असता. त्याऐवजी त्याला बाद केलं, आणि का बाद केलं ते त्याच्या आधी पनवेलला पोचलं. गोल्फमध्ये हरलेल्याला जागा असते, चेंडू सरकवणाऱ्याला नसते. त्याच्यासोबत खेळायला कुणी तयार होईना. पुन्हा पात्रता फेरीला जायचं तो कधी बोललाच नाही. सरावाच्या जागेवर बिल्डरांना आणि त्यांच्या मुलांना काठी कशी धरायची ते शिकवत राहिला, शेवटपर्यंत. कुणी ना कुणी जाता जाता म्हणायचंच, "काय दिनेश, आज चेंडूला पाय फुटले नाहीत वाटतं?" तो हसायचा. मी शेजारी असलो तर मीही हसायचो. हो, मीही.

मला त्याचा हेवा वाटत होता का? माझा खेळ संपला होता, त्याचा सुरू होत होता. झाडीत असताना नव्हता वाटत, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. तंबूत? माहीत नाही. हे मी स्वतःला कधी नीट विचारलेलं नाही, कारण उत्तराची भीती वाटते.

पण त्याहून मोठी भीती दुसरीच आहे. ती मला दिनेश गेल्यानंतर एका दुपारी ग्रंथालयात, पुस्तकं लावताना, अचानक कळली. इतकी साधी गोष्ट, आणि मी ती वर्षानुवर्षं पाहिलीच नव्हती. झाडीत पांढऱ्या टोप्या दोनच होत्या. आपण चेंडू हलवला नाही, हे दिनेशला माहीत होतं. मग?

म्हणजे त्याला तंबूतच कळलं होतं. मी वाक्य पूर्ण करायच्या आधीच. तरी तो बोलला नाही. त्यानंतर दर उन्हाळ्यात आंब्याची पेटी घेऊन माझ्याकडे यायचा, माझ्या गुडघ्याला तेल कुठलं लावायचं ते सांगायचा, भाऊबीजेला बहिणीकडे माझ्याच स्कूटरवर मागे बसून यायचा. त्याचा हात माझ्या खांद्यावर असायचा. तो सगळं जाणून तिथे बसला होता. आणि मी समजत होतो की मी लपलो आहे.

दहाव्याला आम्ही आपटा गावाला नदीवर गेलो. पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. झाडावर चार-पाच बसले होते, एकही खाली उतरेना. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण एकेक जण पुढे होऊन हात जोडू लागला. दिनेशची बायको म्हणाली, सायलीला शिकवीन. मेहुणा म्हणाला, घराचे हप्ते मी बघतो. आई पुढे झाली, "माजी चिंता नको करू रं, मी बरी हाय." कावळे बसूनच. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मोठा भाऊ आहेस, तू बोल. तुझ्यात जीव होता त्याचा."

कोणतं वाक्य बोलायचं ते मला माहीत होतं. जिभेवर होतं. मी म्हणालो, "दिनेश, सगळ्यांना सांभाळीन." कावळ्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

इथेही थांबता आलं असतं. पण अजून एक आहे, आणि ते सगळ्यात ताजं आहे.

सायली आता दहावीत आहे. वडिलांकडेच शिकली, चांगली खेळते, खरं तर त्याच्याइतकीच. गेल्या महिन्यात तिने मैदानाच्या व्हरांड्यात कुणाला तरी हसत म्हणताना ऐकलं — दिनेशची मुलगी का ही? मग लक्ष ठेवा हिच्यावर. ती तडक माझ्याकडे आली. चप्पलसुद्धा काढली नाही.

"काका, तुम्ही होतात तिथे. बाबांनी केलं होतं?"

मी म्हणालो, "मी पाहिलं नाही गं."

तेच वाक्य. एक 'गं' वाढवून.

ती म्हणाली, "ठीक आहे," आणि गेली.

रविवारी तिची स्पर्धा होती. वडील नाहीत, तर काका, बॅग तुम्ही घ्याल का, असं तिनेच विचारलं. मी घेतली. ती पुढे होती. शेवटून दुसऱ्या होलला चेंडू उंच गवतात गेला. तिने काठी चेंडूमागे टेकवली आणि एकदम मागे सरली. हात वर केला. सोबतच्या मुलीला म्हणाली, "माझ्याकडून हलला. एक दंड." ती मुलगी म्हणाली, "अगं, मला तर काही दिसलं नाही." सायली म्हणाली, "लाव."

त्या एका फटक्याने ती हरली.

चेंडू हलला नव्हता. मी तिच्या शेजारी उभा होतो, डोळे चेंडूवरच होते. गवताची पाती हलली, चेंडू जागेवर होता. मी तोंड उघडलं, आणि माझ्या शब्दाची किंमत मला आठवली, आणि मी ते मिटलं.

घरी येताना रिक्षात ती बाहेर बघत होती. म्हणाली, "मलाही नक्की नव्हतं माहीत, काका. पण आपल्या घरातल्याने शंका ठेवायची नसते."

आपल्या घरातल्याने. बापाचा डाग ती पुसत होती. तिच्या बापाला डाग नव्हता.

म्हणून लिहितो. झाडीत चेंडू मी सरकवला. दिनेशने त्याला पाय लावला नाही, फटका मारताना त्याला ते माहीतही नव्हतं. तंबूत मी खोटं बोललो, आणि तिला सांगताना पुन्हा खोटं बोललो. खाली माझं पूर्ण नाव घालून याची एक प्रत मैदानाच्या व्हरांड्यातल्या फळ्यावर लावणार आहे. पण आधी तिने वाचायला हवं.

ती शिकवणीहून परस्पर येते म्हणाली होती. खाली लिफ्टचं दार वाजलं. मी कागद टेबलावर, तिच्या बाजूला फिरवून ठेवतो आहे.