पातळ दूध

चैतन्य चार महिन्यांचा झाला आणि नीलम परत साकीनाक्याच्या गाऊन शिवायच्या कारखान्यात जायला लागली. घाटकोपरला, असल्फ्याच्या डोंगरावरच्या खोलीत बाळाजवळ सासू, द्रौपदीबाई. पहिल्या सकाळी पावडरच्या दुधाचा डबा त्यांच्या हातात देत नीलम म्हणाली, "आई, डब्यावर सांगितलंय त्याच्या निम्मीच घाला. महिना निघाला पाहिजे."

"पातळ होईल ना गं?"

"पोट भरल्याशी मतलब."

मशीनवर बसल्या बसल्या नीलमचा कुर्ता ओला व्हायचा. ओढणी पुढे ओढून ती शिलाई मारत राहायची. फारच दुखायला लागलं की मोरीत जाऊन दूध पिळून टाकायची, वर नळ सोडायची. तिकडे बाळ पांढरं पाणी पीत होतं.

अंगणवाडीत वजन केलं तेव्हा सेविका तेजलताईंनी बाळाला उचलून पुन्हा काट्यात ठेवलं. "वाढायच्या ऐवजी घटलंय. दूध कोण बनवतं?"

नीलमच्या आधी द्रौपदीबाईच बोलल्या. "मी. मला कुठं वाचता येतं? चुकलं माझं."

तेजलताईंनी सगळ्या बायांसमोर म्हातारीला फैलावर घेतलं. नीलम बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

मग ताईंनीच तिला दूध काढून स्वच्छ वाटीत झाकून ठेवायला शिकवलं. सकाळी नीलम वाटी भरून ठेवून जायची, दुपारच्या सुट्टीत धापा टाकत डोंगर चढून पाजायला यायची. बाळ हळूहळू भरायला लागलं. नीलमला मात्र सासूच्या हातचं जेवण गोड लागेना.

एका दुपारी बाळाला पाजता पाजता ती म्हणाली, "आई, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"तुला जन्मभर नावं ठेवली असती बायांनी. माझं काय!" द्रौपदीबाई थांबल्या. "आन् पातळ आहे हे मला दिसत नव्हतं का? पाजत तर मीच होते."

पुढच्या वजनाला एक बाई हसत म्हणाली, "आता म्हातारीच्या हाती पोर देऊ नको हां."

"माप मी सांगितलं होतं," नीलम म्हणाली. "त्यांनी फक्त ऐकलं."

तेजलताईंनी तिच्याकडे पाहिलं, मग काट्याकडे. "वाढलंय," एवढंच म्हणाल्या.

नीलमला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. आता चैतन्य वरणभात खातो, गल्लीभर पळतो. तरी तो पोट भरलं म्हणून तोंड फिरवतो, तेव्हा नीलम आणखी एक घास पुढे करते.