चाकाखालचा दगड

रस्त्याच्या कामावर खडीचे ढीग पडतात, डांबराचे ड्रम पडतात आणि किश्श्यांचा तर नुसता खच पडतो. खडी मोजून घेतात हो, किस्से कोण मोजतो? मी हिंगोली भागात एका ठेकेदाराकडे स्टोअरकीपर होतो. हिंगोली नुकताच जिल्हा झाला होता. म्हणजे साहेबलोकांच्या गाड्या वाढल्या होत्या, खड्डे होते तेवढेच होते!

आमच्याकडे एक केबिन होती. केबिन म्हणजे चार चाकांची ट्रॉली आणि तिच्यावर पत्र्याची खोली. आत खाट, टेबल, टेबलफॅन. काम पुढं सरकलं की ट्रॅक्टर जोडायचा आणि घर ओढत न्यायचं. ह्या महालाला खिडक्या होत्या, पडदे होते, आमच्या ठेकेदार शेठनी हौसेनं आरसासुद्धा लावला होता. ब्रेक तेवढा नव्हता.

म्हणून केबिन उभी केली की चाकाखाली दगड लावायचा. एवढंच काम. पण एवढ्याशा कामासाठी आमच्यात जेवढी भांडणं झाली, तेवढी भावाभावांत बांधावरून होत नाहीत.

*

पहिला मान वारंगा फाट्याचा. आमचे सुपरवायझर बाबाराव सकाळी केबिनमध्ये दाढी करत होते. आरशात बघता बघता त्यांना मागची झाडं पळताना दिसली. झाडं कशाला पळतील! केबिन उतारानं निघाली होती. ती सरळ समोरच्या हॉटेलच्या बाकड्याला जाऊन टेकली.

अर्ध्या गालाला साबण लावलेले बाबाराव दारात आले. हॉटेलवाला शांतपणे म्हणाला, "चहाच पाहिजे होता तर हाक मारायची ना मालक! घर घेऊन काहून आले?"

फाटा हसला, पण शेठ हसले नाहीत. सगळ्यांसमोर त्यांनी सांगून टाकलं, "बाबाराव, पुन्हा केबिन हलली तर तुमी घरचा रस्ता धरायचा!"

बाबाराव पन्नाशी ओलांडलेले. पोरगी नांदेडला नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष. ह्या वयात दुसरा कोण कामावर घेणार होता? त्या दिवसापासून माणूस हसायचाच बंद झाला. झोपेतसुद्धा "दगड लावला का?" म्हणायचा. आम्ही त्यांची टिंगल करायचो, पण मनातून जीव तुटायचा.

*

ट्रॅक्टरवर हबीबभाई. ट्रॅक्टर सोडला की ह्यांची बिडी पेटलीच पाहिजे. दगड मग सावकाश.

एकदा बाबाराव त्यांच्यावर तुटून पडले. हबीबभाई म्हणाले, "क्या बाबाराव, तुमचा पत्थरावर इतका भरोसा! जरा माणसावर बी ठेवून बघा!"

"दगड बिडी प्यायला जात न्हाई!" बाबाराव म्हणाले.

हबीबभाई तीन दिवस बोलले नाहीत. बिडी मात्र चालू होती.

*

नंतर आमच्या स्वयंपाक्याचा, सटवाजीचा, मसाला वाटायचा पाटा गायब झाला. सगळीकडे शोधला. सापडला कुठं? केबिनच्या मागच्या चाकाखाली!

"काढू नको," बाबारावांनी बजावलं. "मसाला तिथंच वाट."

सटवाजी हुकमाचा ताबेदार. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाकाशी बसला आणि अंगातला सगळा जोर लावून वाटू लागला. आत बाबाराव आंघोळ करून कपडे शोधत होते. केबिन थरथरली तसे ते टॉवेलावरच बाहेर उडी मारून ओरडले, "हलली! हलली! पळा!"

सटवाजीनं मानसुद्धा वर केली नाही. "व्हय, हलून राहिली. पण तुमी असं नाचू नका, चटणीत माती पडते."

*

मग आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावचा बाजार. तिथल्या जीपगाड्यांना ब्रेक असतो की नाही हे ड्रायव्हरलाही नक्की माहीत नसतं. आमचे दगड रोज चोरीला जाऊ लागले. बाबारावांनी मग पांढरा ऑइलपेंट आणून प्रत्येक दगडावर ठळक लिहिलं: 'हलवू नये'.

दोन दिवसांत एक दगड गेलाच. बाजारात एका जीपच्या चाकाखाली सापडला. बाबाराव तावातावानं ड्रायव्हरला म्हणाले, "वाचता येतं का न्हाई तुला?"

"येतं ना," तो म्हणाला. "तुमचा दगड एकदम बराबर हाय. सकाळपासून जीप बिलकुल हलली न्हाई!"

*

मग आमच्याकडे एक नवे तरुण इंजिनिअर आले. दगड बघून त्यांना आमची कीव आली. "काय हे, अजून दगडांच्या युगात आहात!" त्यांनी शहरातून पिवळ्याधमक रबरी ठोकळ्यांची जोडी मागवली, सगळ्यांना उन्हात उभं करून तासभर लेक्चर दिलं आणि ठोकळे स्वतःच्या हातानं चाकाखाली बसवले.

आठवड्यात ठोकळे गेले. चोर कोण, ते काही शेवटपर्यंत कळलं नाही. फक्त आजूबाजूच्या गावांत एकाएकी पिवळ्या तळव्यांच्या चपला दिसू लागल्या. त्यातली एक जोडी तर इंजिनिअर साहेबांनीच विकत घेतली. म्हणाले, "काय मजबूत रबर आहे हो इकडं!"

*

आता शेवटचा. शिरड शहापूरकडे आम्ही एक लहान पूल बांधत होतो. सगळी काळी जमीन. आमच्याकडे खडीचा डोंगर, पण चाकाला लावावा असा धड एक दगड नाही!

पुलाचं काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं साच्यात भरून चौकोनी ठोकळे करतात. त्यांना क्यूब म्हणायचं. पुढं ते मशीनखाली दाबून बघतात. टिकले तर पूल पास. तोवर ते पाण्याच्या टाकीत ठेवायचे असतात. बाबारावांनी टाकीत डोकावून पाहिलं, आणि बऱ्याच दिवसांनी मला त्यांच्या तोंडावर हसू दिसलं.

त्याच आठवड्यात सरकारी साहेब तपासणीला आले. शेठही आले. शेठ केबिनमध्ये मटणावर ताव मारत बसले आणि साहेब टाकीशी गेले.

"क्यूब कुठे आहेत?"

मी बाबारावांकडे पाहिलं. बाबारावांनी केबिनच्या चाकांकडे पाहिलं. ट्रॅक्टर पाणी आणायला गेलेला. चाकं धरून ठेवायला दुसरं काही नाही.

बाबाराव खिडकीखाली जाऊन म्हणाले, "शेठ, जरा बाहेर या. साहेब क्यूब मागून राहिले."

"मग दे ना! मला काहून उठवतो?"

"तुमी उतरल्याबिगर देता येत न्हाईत शेठ. ते क्यूब..."

"मी जेवून राहिलो ना! एक शब्द बोलू नको. काढ आन् दे साहेबाला!"

पोरीचं शेवटचं वर्ष बाबारावांच्या डोळ्यांपुढं आलं असणार. मग त्यांनी आमच्या सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि मोठ्यानं विचारलं, "शेठ, हा तुमचा हुकूम हाय?"

"हुकूम हाय! काढ!"

बाबारावांनी बाजूला उभं राहून लोखंडी सब्बल मारली. उताराकडचे दोन्ही क्यूब सुटले.

केबिन निघाली. घाई नाही, गडबड नाही, वरात निघावी तशी निघाली. बांध उतरून पाणी दिलेल्या हळदीत शिरली आणि चिखलात अडकून तिरपी उभी राहिली. दार उघडलं. दारात शेठ. पांढऱ्या शर्टावर गळ्यापासून पोटापर्यंत रस्सा, हातात मटणाची नळी.

"बाबाराव!!"

बाबाराव दोन्ही काखांत एकेक क्यूब घेऊन चिखल तुडवत समोर गेले.

"शेठ, आता तुमीच सांगा. केबिन हलली म्हणून घरी जाऊ, का तुमचा हुकूम पाळला म्हणून कामावर राहू?"

शेठ तोंड उघडणार, इतक्यात केबिन पुन्हा हातभर खाली सरकली. शेठनी नळी टाकून दोन्ही हातांनी चौकट धरली.

"राहा रे बाबा, जन्मभर राहा! पन आधी ते चाकाखाली घाल!"